दादासाहेब आले की खुर्ची रिकामी

सुतारकामाची शेड रोज संध्याकाळी झाडली तरी सकाळी कोपऱ्यात भुसा सापडतोच. किश्शांचंही तसंच असतं. मोरूच्या शेडमध्ये मी त्या वर्षी नुसती उठबस केली. पण अजूनही चार जुनी माणसं जमली आणि त्यातलं एखादं लाकडी खुर्चीत टेकलं की एक किस्सा निघतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि घरून बोलावणं येईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. काही किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की पुढचं वाक्य माझी बायको आतून सांगते. तरी सांगतो.

आधी माणसं. फार नाहीत. बुलढाण्याला चिखली रोडवर दादासाहेबांची लाकडाची वखार होती. मोरू त्यांचा धाकटा मुलगा, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो मुंबईला चित्रकला शिकला, तिथेच एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागला आणि त्या साहेबाबरोबर दोन वर्षं चंदीगडला राहून आला. तिथे अख्खं शहरच नवं बांधत होते, काँक्रीटचं आणि सरळ रेषांचं. त्या रेषा डोक्यात आणि परदेशी मासिकं ट्रंकेत घालून मोरू परत आला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नवं राज्य तर नवं फर्निचर, असा त्याचा साधा हिशोब होता. त्यानं वडिलांकडून वखारीतली एक शेड मागून घेतली.

तिसरे किसन मिस्तरी, देऊळघाटचे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तिफणी, डवरे अशी शेतीची अवजारं आणि बैलगाड्या व्हायच्या. हात असा, की रंधा मारला तर लाकूड आरशासारखं व्हावं. बोलणं मात्र इतकं हळू, की रंध्याचा आवाज थांबल्याशिवाय ऐकू येऊ नये.

चौथा मी, शाळेतला ड्रॉइंग मास्तर. शेडमध्ये माझं काम होतं बसण्याचं!

हसू नका, खरंच होतं. मिस्तरींच्या घराण्याचा एक रिवाज होता. दुसऱ्यासाठी केलेली वस्तू सुतारानं आधी वापरायची नाही. गाडी केली तर तिच्यात बसायचं नाही, खाट केली तर तिच्यावर आडवं व्हायचं नाही. "ज्याची वस्तू त्यानं पयले वापराव," असं ते म्हणायचे. चित्रं पडली मोरूची, त्याला आपली प्रत्येक खुर्ची चांगलीच वाटायची. तेव्हा नवी खुर्ची झाली की शाळा सुटल्यावर मला बोलावणं यायचं. मी बसायचो. माझं वजन तेव्हा अर्ध्या गोणीपेक्षाही कमी होतं, त्यामुळे माझ्या बसण्यानं नेमकं काय सिद्ध व्हायचं ते देव जाणे.

*

पहिली खुर्ची. मोरूनं तिचं झकास चित्र काढलं. डोळ्याला जशी दिसते तशी काढली, म्हणजे पुढचे पाय लांब आणि मागचे, लांबवर असल्यामुळे, आखूड. मापं फक्त पुढच्या बाजूची लिहिली आणि हा पठ्ठ्या एका लग्नासाठी मेहकरला निघून गेला.

आठ दिवसांनी आला तर खुर्ची तयार. हुबेहूब चित्रातली. मागचे पाय पुढच्यांपेक्षा चार बोटं बुटके, आणि बैठकही मागे निमुळती होत गेलेली!

मोरूनं कपाळाला हात लावला. मिस्तरींना आपलं काय चुकलं तेच कळेना. ते चित्र घेऊन आले, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "चित्रात तसेच हायेत जी. मले वाटलं, मुंबईची पद्धत असंल. चार येळा मोजले."

मला बसवण्यात आलं. दिवसभर सहा तास उभ्यानं शिकवून आलो होतो. टेकलो तो आपोआप मागे गेलो, पाठ जिथे टेकायला हवी तिथे टेकली आणि तोंडातून नुसतं "हं" निघालं. मोरूनं मला उठवलं आणि स्वतः बसला. मग म्हणाला, "मिस्तरी, हे चित्र फाडू नका."

ती खुर्ची त्यानं विकली नाही. नमुना म्हणून शेडमध्येच ठेवली आणि पुढच्या सगळ्या खुर्च्या तशाच चुकीच्या केल्या.

मिस्तरी मात्र दर वेळी मला विचारायचे, "गुरुजी, कसं वाटते?" मी म्हणायचो, छान. ते म्हणायचे, "म्हंजे कसं?" आता हे सांगायचं कसं? मी म्हणायचो, मिस्तरी, एकदा बसून पाहा ना. ते मान हलवायचे. "माह्यी नाही ना जी ते." आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. शंभर जणांना आरामात बसवणारा हा माणूस स्वतः घरी जमिनीवर नाहीतर ओंडक्यावर बसायचा. मला त्या नजरेपुढे बसायची लाज वाटायची.

*

दादासाहेबांना यातलं काहीच पटत नव्हतं. ते स्वतः गादीवर, तक्क्याला टेकून बसत. खुर्ची ही कचेरीतली वस्तू, घरात तिचं काय काम, असं त्यांचं मत. पण मुलगा मुंबई सोडून आला होता, म्हणून तोंडावर नाही म्हणवत नव्हतं.

आमच्याकडे सालदाराचं साल अखजीला संपतं. अक्षय तृतीयेच्या दिवशी जुना गडी सुटतो, नवा लागतो. दादासाहेबांनी पोटच्या पोरालाही तसंच सालानं बांधलं. या अखजीपासून पुढच्या अखजीपर्यंत शेड तुझी. नंतर तिथे लाकडाच्या लांब बल्ल्या रचायच्या, आणि तू माझ्याबरोबर वखारीच्या गादीवर बसायचं.

मोरू म्हणाला, खुर्च्या खपल्या तर?

"खपतीन," दादासाहेब म्हणाले. "लोकं पाहुन्यासाठी घेतीन आन् वरून चादर टाकून ठेवतीन. मले एक मानूस दाखव. आपल्या सोताच्या खुर्चीत, आपल्या मर्जीनं बसलेला. माह्या डोयानं दिसला पायजे. मंग शेड तुह्यी."

मोरूनं ताबडतोब हो म्हटलं. एक माणूस दाखवायला वर्ष कशाला लागतं, असं आम्हाला वाटलं. आम्ही दोघेही गाढव.

*

पहिली मोठी ऑर्डर डॉक्टरांची. दवाखान्यात पेशंट थांबतात तिथे चार खुर्च्या. आठवड्यानं आम्ही मोठ्या उत्साहानं पाहायला गेलो. दोन पेशंट खुर्च्यांवर उकिडवे बसलेले, पाय वर, वहाणा खाली व्यवस्थित जोडून ठेवलेल्या. उरलेल्या दोघांनी आपापल्या पिशव्या खुर्च्यांवर ठेवल्या होत्या आणि स्वतः खाली बसून खुर्चीच्या पायांना टेकले होते.

मोरूचा चेहरा पाहवेना. मासिकातल्या एकाही फोटोत असं कुणी बसलेलं नव्हतं. तो शेडमध्ये येऊन म्हणाला, लोकांना बसायला शिकवावं लागेल.

मिस्तरी रंधा थांबवून म्हणाले, "लोकायले येते बसाले. खुर्चीलेच येत नाही."

मग खुर्ची दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं रुंद झाली आणि थोडी खाली आली. तिच्यावर मांडी घालून बसता येत होतं, पाय सोडूनही बसता येत होतं. मोरूनं तिचं चित्र काढून मुंबईच्या साहेबाला पाठवलं. साहेबानं उलट टपाली विचारलं, हे कुठल्या देशातलं डिझाइन?

*

मग वकीलसाहेबांचं कपाट. मोरूच्या एका मासिकात एक चित्र होतं. काळ्या आडव्या-उभ्या रेषा आणि मधे लाल, निळे, पिवळे, पांढरे चौकोन, बाकी काही नाही. मोरूनं हुबेहूब तसं कपाट केलं. रंगीत चौकोन म्हणजे दारं. पांढरे नुसतेच, ते उघडत नाहीत.

वकीलसाहेबांनी तासभर विचार केला आणि लावून टाकलं. लाल खणात फौजदारी, निळ्यात दिवाणी, पिवळ्यात भाऊबंदकी. पक्षकार आला की त्याला रंगावरून कळायचं आपलं कुठे अडलंय.

एकदा एका पक्षकारानं विचारलं, साहेब, पांढऱ्या खणात काय?

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "ते उघडत नाही. तुमची केस तिथंच हाय."

*

उंद्रीचं लग्न तर विसरताच येत नाही. तिथल्या एका बागायतदारानं मुलीला आंदण म्हणून मोरूकडचं टेबल घेतलं. तीन पायांचं, अंड्याच्या आकाराचं. ऐन लग्नात नवऱ्या मुलाच्या मामानं त्यावरची चादर उचलली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "चौथा पाय कुठी हाय?"

झालं. मुलीच्या बापानं लाकूड वाचवलं, इथपासून पुढे आणखी काय काय वाचवलं असेल इथपर्यंत बोलणी गेली. बापानं आम्हाला तातडीचं बोलावणं धाडलं. सायकलवर माणूस बुलढाण्याला आला आणि आम्ही तिघं कुणाच्या तरी जीपमध्ये बसून उंद्रीला पोचलो.

मोरूनं आधुनिक कलेबद्दल बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यांतच मामा आणखी भडकला. तेव्हा मिस्तरींनी काठोकाठ भरलेले दोन तांबे मागवले. एक त्या घरातल्या जुन्या चार पायांच्या टेबलावर ठेवला, दुसरा आमच्या टेबलावर. जमीन शेणानं सारवलेली, कुठे उंच कुठे सखल. मिस्तरींनी चार पायांच्या टेबलाला बोट लावलं. ते डुगडुगलं आणि पाणी सांडलं. आमच्या टेबलाला बोट लावलं. थेंब सांडला नाही.

पण मामा हार मानायला तयार नव्हता. तो म्हणाला, "मंग खाटेले चार पाय काऊन असतात?"

मिस्तरी खाली मान घालून म्हणाले, "खाटेवर दोघं असतात जी."

बायका तोंडाला पदर लावून आत पळाल्या. लग्न लागलं. त्या मामाचं खरं नाव आता उंद्रीत कुणाला आठवत नाही. चौथा पाय म्हटलं की घर दाखवतात.

*

हे सगळं चाललं होतं आणि खुर्च्याही खपत होत्या. पण मोरूला तो एक माणूस दाखवता येत नव्हता. कारण आम्हाला कळलं ते फार उशिरा.

गावात दादासाहेबांना मोठा मान. कुणाच्या घरी मांडव असो की मयत, लाकूड त्यांच्याकडून न मागता जायचं. दवाखान्याची जागा त्यांची. शाळेच्या कमिटीत ते. असा माणूस दारात आला की बसलेला उठणारच. खुर्ची झटकणार आणि म्हणणार, या, बसा! दादासाहेब म्हणणार, नको, मी आपला खालीच बरा. ते खाली बसले की यजमानही खाली बसणार. मधे खुर्ची रिकामी.

दवाखान्यात असंच झालं. डॉक्टरांनी स्वतःसाठी घेतलेली खुर्ची होती, त्यात ते दिवसभर बसायचे. दादासाहेब गेले, डॉक्टर उठले. वकीलसाहेबांनी कपाटानंतर खुर्चीही घेतली होती, तिथेही तेच. दादासाहेब घरी येऊन मोरूला म्हणाले, मी सांगितलं होतं, कुणी बसत नाही.

मोरूनं मग शक्कल लढवली. दवाखान्यात कुणालाही न कळवता दादासाहेबांना मागच्या दारानं न्यायचं. डॉक्टरांचा कंपाउंडर दुपारी त्याच खुर्चीत घोरायचा. खुर्ची त्याची नव्हती, पण निदान बसलेला माणूस तरी दिसेल! आम्ही चोरपावलांनी गेलो. कंपाउंडर घोरत होता. दादासाहेब दारापर्यंत पोचले, तेवढ्यात औषधाला आलेल्या एका म्हाताऱ्यानं कंपाउंडरला गदागदा हलवलं. "उठ बे, दादासाहेब आले!"

मग आमचे हेडमास्तर. त्यांनी घरी एक खुर्ची घेतली होती. मोरूनं त्यांना सगळी अट समजावून सांगितली. हात जोडून म्हणाला, सर, काहीही झालं तरी उठू नका. हेडमास्तरांनी शब्द दिला. कडक माणूस, शाळेत इन्स्पेक्टर आला तरी आधी वाक्य पुरं करणारा. दादासाहेब ओसरीवर आले आणि हेडमास्तर ताडकन उभे!

बाहेर आल्यावर मोरू त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. हेडमास्तर ओशाळून म्हणाले, "मी नाही उठलो हो. पाय उठले."

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. घरी जाताना मात्र मोरू म्हणाला, "अखजीला तीन दिवस राह्यले बे."

*

अखजीच्या सकाळी मी घरची पूजा आटोपून शेडमध्ये गेलो. वखारीच्या आवारात सालदारांची ये-जा चालली होती. फाटकात बल्ल्यांनी भरलेली बैलगाडी उभी होती. मोरू मासिकं ट्रंकेत भरत होता. तयार माल आधीच गेला होता. शेडमध्ये एक सागाचा ओंडका, मिस्तरींची हत्यारं आणि ती पहिली खुर्ची, एवढंच राहिलं होतं. मी ओंडक्यावर टेकलो.

मिस्तरी हत्यारं पोत्यात बांधत होते. मोरू त्यांच्यापाशी गेला आणि म्हणाला, ही खुर्ची देऊळघाटला घेऊन जा. नमुन्याची आता गरज नाही.

मिस्तरी म्हणाले, "कोनाची म्हनून नेऊ?"

"तुमची म्हणून."

"माह्यी?"

"तुमची, मिस्तरी. तुमचीच होती."

मिस्तरींनी पोतं खाली ठेवलं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं खुर्ची पुसली, बुटक्या पायांपर्यंत पुसली. तिच्याभोवती एकदा फिरले. मग दोन्ही हात टेकून हळूहळू बसले. मागे गेले. पाठ टेकली.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विचारलं, मिस्तरी, कसं वाटते?

ते उत्तर देणार तेवढ्यात काठीचा आवाज आला. दादासाहेब दारात उभे.

मी ओंडक्यावरून उठलो. मोरू उभाच होता. मिस्तरी या माणसापुढे कधी पायात वहाणा ठेवूनसुद्धा उभे राहिले नव्हते. बोलायचं झालं तर दाराआडून बोलायचे.

ते उठले नाहीत.

दादासाहेब वाट पाहत राहिले. आम्हीही. मिस्तरींनी पाय भुशात घट्ट रोवले होते, मला स्पष्ट दिसत होतं. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीच्या कडा धरल्या होत्या.

"किसन," दादासाहेब म्हणाले.

"जी."

"बसला काय?"

"हो जी. बसलो."

"कोनाची खुर्ची?"

"माह्यी हाय जी."

दादासाहेब पुढे आले. काठीनं खुर्चीचा मागचा पाय हलकेच ठोकून पाहिला. "मांगचे पाय बुटके काऊन रे हे?"

"चित्रात तसेच होते जी."

दादासाहेबांनी मान हलवली. मग मी सोडलेल्या ओंडक्यावर, मिस्तरींच्या समोर, ते बसले. मिस्तरी आता मात्र उठू लागले. दादासाहेबांनी काठी आडवी धरली. मिस्तरी पुन्हा टेकले.

फाटकातून गाडीवानानं हाक मारून विचारलं, मालक, बल्ल्या शेडीत टाकू का?

दादासाहेबांनी मिस्तरींवरची नजर काढली नाही. म्हणाले, "मांगच्या आवारात टाक."